शाफ्ट फिरतो, तेल थांबतं

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ऑइल सील गेलंय, टाकून घ्या." सील काही शे रुपयांचं आणि मजुरी काही हजारांची. त्यामुळे गाडी उघडायला देण्याआधी हे सील करतं काय आणि जातं कशानं, हे माहीत असलेलं बरं. सील म्हातारं होऊन जातं हे खरं, पण बऱ्याचदा त्याला दुसऱ्याच कशानं तरी घालवलेलं असतं. ते कारण तसंच ठेवून नवं सील बसवलं की वर्षभरात पुन्हा तीच वारी.

टॅपेट कव्हर (इंजिनावरचं झाकण) किंवा ऑइल चेंबर (खालची तेलाची टाकी) यांच्या जोडाला साधं पॅकिंग पुरतं, कारण तिथले दोन्ही भाग जागचे हलत नाहीत. पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, म्हणजे क्रँकशाफ्टचं तसं नाही. त्याचं एक टोक पुलीसाठी इंजिनाबाहेर येतं, दुसरं गिअरबॉक्सच्या बाजूच्या जड चाकाकडे, म्हणजे फ्लायव्हीलकडे जातं. शाफ्ट मोकळा फिरला पाहिजे आणि तेल आतच राहिलं पाहिजे. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारे एक्सल, व्हॉल्व उघडणारा कॅमशाफ्ट, सगळीकडे हीच अडचण आणि तिच्यावर एकच उपाय, ऑइल सील.

नवं सील हातात घेऊन पाहा. बाहेरून रबर चढवलेली पत्र्याची कडी, आत निमुळता होत गेलेला रबरी ओठ, आणि ओठाच्या पाठीमागे खाचेत बसवलेली बारीक तारेची गोल स्प्रिंग. दर्शनी बाजूवर ३५-५२-७ असे आकडे असतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. ओठाचं भोक शाफ्टपेक्षा किंचित लहान ठेवलेलं असतं, म्हणून तो शाफ्टला आवळून बसतो. रबर थकलं तरी पकड सुटू नये, म्हणून स्प्रिंग.

आता थोडा हिशोब करू. मागच्या क्रँक सीलपाशी शाफ्टचा व्यास ८० मिमी धरा आणि इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतंय असं समजा. ओठाखालून धातूचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ८.४ मीटर वेगानं सरकतो, म्हणजे ताशी ३० किलोमीटर. शहर आणि हायवे मिळून गाडीचा सरासरी वेग ताशी ४० धरला, तर गाडी लाख किलोमीटर पळेपर्यंत हा ओठ ७५,००० किलोमीटर घासला गेलेला असतो. पृथ्वीला दोन प्रदक्षिणा व्हायला थोडंच अंतर कमी पडलं. कोरडं रबर इतकं घासलं असतं तर पहिल्याच दिवशी जळून गेलं असतं.

जळत नाही, कारण शाफ्ट फिरत असताना ओठ धातूला थेट टेकतच नाही. मध्ये तेलाचा साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका पातळ थर असतो. तेल अडवायचं आणि तेलावरच तरंगायचं, अशी ही नोकरी आहे. मग तो थर बाहेर का येत नाही? ओठाचे दोन उतार सारखे नसतात. तेलाकडचा उतार उभट, साधारण ४० ते ५० अंशांचा, आणि हवेकडचा २० ते ३० अंशांचा. त्यामुळे ओठाचा सर्वाधिक दाब तेलाकडच्या कडेजवळ पडतो. शाफ्ट फिरताना रबराच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे ओढले जाऊन तिरपे होतात, आणि हवेच्या बाजूला आलेलं तेल पुन्हा आत ढकलतात. चांगल्या चालत्या सीलच्या बाहेरच्या बाजूला तेलाचा थेंब सोडला तर तो आत खेचला जातो. सील म्हणजे बूच नव्हे, तो एक छोटासा पंप आहे. तेच सील उलटं बसवलं की पंपाची दिशाही उलटते आणि इंजिन तेल बाहेर फेकू लागतं.

पंपाचा अर्धा भाग रबर आणि अर्धा शाफ्ट. शाफ्टचा पृष्ठभाग फार खडबडीत असला तर ओठ कापला जातो, आरशासारखा गुळगुळीत असला तर तेल धरत नाही. म्हणून खडबडीतपणा साधारण ०.२ ते ०.८ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दरम्यान ठेवतात. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांनी ग्राइंडिंगवर दिवस काढलेत, त्यांना आणखी एक अट ठाऊक असेल: शाफ्टवर मळसूत्री रेघा उमटता कामा नयेत. अगदी पुसट आटे असले तरी फिरणारा शाफ्ट त्यातून तेल बाहेर काढतो. गॅरेजात गंजलेला शाफ्ट पॉलिश पेपरनं तिरका घासून 'साफ' करतात तेव्हा नेमका हाच घोटाळा होतो, आणि दोष मात्र नव्या सीलच्या माथी.

मऊ रबर कडक पोलाद झिजवतं हे पटत नाही, पण जुन्या शाफ्टवर नखानं जाणवेल अशी खाच पडलेली दिसते. धूळ आणि करपलेल्या तेलाचे कण रबरात रुततात आणि घासायचं काम ते कण करतात. खाच पडलेल्या शाफ्टवर नवा ओठ नीट बसत नाही. अशा वेळी जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवतात, म्हणजे ओठाला कोरी जागा मिळते, किंवा शाफ्टवर स्टेनलेस स्टीलची पातळ स्लीव्ह, म्हणजे नळी चढवतात. शाफ्ट न बघता सील बदलणाऱ्या मेकॅनिकला मी तरी गाडी देणार नाही.

धूळ ओठापर्यंत पोहोचू नये म्हणून बऱ्याच सीलना बाहेरच्या बाजूला आणखी एक छोटा ओठ असतो. रामकुंडाजवळचा आपला दुतोंड्या मारुती जसा दोन्ही दिशांना तोंड करून उभा आहे, तसंच हे सील: एक ओठ तेलाकडे, दुसरा रस्त्याकडे. गोदेचं पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की घाटावर लावलेल्या गाड्यांचं काय होतं ते नाशिककर जाणतातच. अशा पाण्यापुढे हा दुसरा ओठही फारसा टिकत नाही. गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. शिवाय पंपाची दिशा आतल्या बाजूलाच आहे, बाहेर पाणी साचलं तर तो तेही आत घेणार. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात गाडी खोल पाण्यातून काढावी लागली असेल, तर नंतर गिअर ऑइल तपासून घ्या. ते दुधाळ दिसलं तर लगेच बदला.

उष्णतेचं गणित वेगळं. साधं नायट्राइल रबर १०० अंश सेल्सियसच्या आसपास दीर्घकाळ टिकतं, अॅक्रिलिक रबर दीडशेपर्यंत आणि फ्लोरोरबर दोनशेपर्यंत. उन्हाळ्यात चार माणसं, सामान आणि एसी घेऊन कसारा घाट चढताना इंजिन ऑइल शंभरी सहज ओलांडतं, आणि ओठाच्या टोकाला घर्षणामुळे त्याहून जास्त तापमान असतं. तापलेलं रबर हळूहळू कडक होतं. त्याची खूण हिवाळ्यात सापडते: निफाडकडच्या गारठ्यात सकाळी गाडी सुरू केल्यावर थेंब पडतात आणि इंजिन तापलं की थांबतात. ओठ कडक झालाय, थंडीत शाफ्टला धरत नाही, असा त्याचा अर्थ.

सगळ्यात दुर्लक्षित कारण मात्र ब्रीदर, म्हणजे इंजिनात साचणारे वायू निघून जाण्याची वाट. पिस्टन रिंगच्या फटीतून जळालेल्या वायूंचा थोडा भाग खाली चेंबरमध्ये येतोच. तो ब्रीदरच्या झडपेतून, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्वमधून पुन्हा इंजिनात ओढून जाळायची सोय असते. तो व्हॉल्व किंवा त्याचा पाइप काजळीनं तुंबला की आतला दाब वाढतो. हे सील जास्त दाब झेलायला बनवलेलंच नसतं, म्हणून तेल वाट काढतं. एकाच वेळी दोन-तीन जागी ओलं दिसू लागलं तर सील मागवण्याआधी ब्रीदर तपासायला सांगा. काही रुपयांच्या साफसफाईत काम भागू शकतं. डिपस्टिकच्या (तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेपलीकडे तेल भरणंही असंच अंगाशी येतं. क्रँक ते तेल घुसळून फेस करते आणि दाब वाढतो.

गळती शोधताना डोळ्यांवर लगेच विश्वास ठेवू नका. तेल खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागे सरकतं, त्यामुळे थेंब पडतो ती जागा क्वचितच मूळ असते. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असताना क्रँक सील बदललेल्या गाड्या काही कमी नाहीत. आधी इंजिन बाहेरून स्वच्छ करून घ्या, गाडी थोडी फिरवा, मग वरून खाली बघत या. रात्री खाली पुठ्ठा ठेवला तर निदान पुढे की मागे ते कळतं. काळं तेल इंजिनाचं, उग्र गंधकासारखा वास आला तर गिअर ऑइल.

नुसता ओलसरपणा असेल तर घाई नको. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि इंजिन चालू असताना मिनिटाला एक थेंब जात असेल, तर वर धरलेल्या वेगानं १०,००० किलोमीटरमध्ये पाऊण लिटर तेल जातं. चेंबरमध्ये एकूण तीन-चार लिटरच असतं, म्हणजे डिपस्टिकवर लक्ष हवं. तेल टायमिंग बेल्टवर किंवा क्लच प्लेटवर जात असेल तर मात्र थांबू नये. मागचं क्रँक सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच प्लेटच्या कामातच ते उरकून घेणं शहाणपणाचं.

गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. त्यातली रसायनं रबर फुगवून मऊ करतात. कडक झालेल्या सीलला काही महिने मिळतात, फाटलेल्या सीलला आणि खाच पडलेल्या शाफ्टला काहीच नाही. फुगण्यावरून एक ताकीद: ब्रेकची सीलं वेगळ्या रबराची असतात. ब्रेक ऑइलच्या डबीत चुकून इंजिन ऑइल पडलं तर ती फुगतात आणि ब्रेक अडकतात. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग बोलवा.

सील बदललं की जुनं मागून घ्या आणि ओठ वाकवून बघा. कडक होऊन चिरा पडल्या असतील तर उष्णता. लिबलिबीत फुगलं असेल तर चुकीचं तेल किंवा रॉकेलची धुलाई. एकाच बाजूला जास्त झिजलं असेल तर बेअरिंग सैल असण्याची शक्यता, आणि मग ते बघितल्याशिवाय बिल चुकतं करू नका. ओठावर एकच सरळ चीर दिसली, किंवा स्प्रिंग खाचेतून निसटलेली सापडली, तर मागच्या वेळी ते बसवतानाच बिघडवलेलं होतं.