"बाळाला निघालंय" म्हणण्याआधी: स्क्रीनिंग आणि निदान

"मावशी, बाळाला थायरॉईड निघालंय."

भाचीचा हा फोन आला तेव्हा तिचं बाळ चार दिवसांचं होतं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. मी रिपोर्ट मागवून घेतला. जन्मानंतर तिसाव्या तासाला टाचेतून घेतलेलं रक्त, टीएसएच (थायरॉईड ग्रंथी कमी काम करत असली की वाढणारं संप्रेरक) मर्यादेच्या जरा वर, आणि खाली एकच ओळ: नमुना पुन्हा पाठवा. म्हणजे अजून काहीही निघालेलं नव्हतं. जन्मल्यावर पहिल्या दिवसा-दोन दिवसांत सगळ्याच बाळांचं टीएसएच उसळतं आणि मग उतरतं. रक्त लवकर घेतलं, तर ती उसळीच रिपोर्टात दिसते.

भाचीच्या हातात होतं ते स्क्रीनिंग. तिने ऐकलं निदान. आपण दोन्हीला "निघालं" असंच म्हणतो, त्यामुळे ही गल्लत घरोघरी होते.

स्पर्धा परीक्षांच्या मुलांना चाळणी परीक्षा माहीत असते. ती कुणाला नोकरी देत नाही, मुख्य परीक्षेला कुणी बसायचं एवढंच ठरवते. स्क्रीनिंगचं काम तेवढंच आहे. ते धडधाकट दिसणाऱ्या सगळ्या बाळांचं होतं आणि "कुणाकडे नीट बघायला हवं?" हा प्रश्न विचारतं. निदान एकाच बाळाचं होतं, त्याचा प्रश्न "याला नेमकं काय झालंय, आणि कशामुळे?" हा असतो.

दोन्ही एकाच आजाराच्या गोष्टीत पाहायची असतील, तर फेनिलकीटोन्युरियासारखं उदाहरण नाही. १९३४ साली नॉर्वेत बोर्गनी एगेलँड नावाची आई आपल्या दोन मुलांना घेऊन डॉ. आस्ब्योर्न फोलिंग यांच्याकडे गेली. दोघांचीही बौद्धिक वाढ खुंटलेली होती आणि लघवीला विचित्र वास यायचा. त्याआधी तिने किती डॉक्टरांचे उंबरठे झिजवले होते! फोलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराईड हे रसायन टाकलं आणि रंग हिरवा झाला. तो का झाला, याचा छडा लागेपर्यंत त्यांनी त्या लघवीवर प्रयोग चालू ठेवले आणि शेवटी त्यातलं फेनिलपायरुविक आम्ल ओळखलं. प्रथिनांमधला फेनिलॲलनिन हा घटक या मुलांचं शरीर पचवू शकत नव्हतं. हे झालं निदान: एक आई, दोन मुलं, आणि कारणापर्यंत पोचेस्तोवर चिकाटी. त्या दोन मुलांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही, कारण तोवर मेंदूचं नुकसान होऊन गेलं होतं.

पुढे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेनिलॲलनिन कमी असलेला आहार देऊन पाहिला आणि तो लागू पडतो हे दिसलं. पण त्याचा खरा फायदा मिळायचा तर तो पहिल्या काही आठवड्यांत सुरू व्हायला हवा, म्हणजे बाळ अगदी निरोगी दिसत असतानाच. आता चाळणीची गरज होती.

ती अमेरिकेतल्या बफेलो शहरात रॉबर्ट गथ्री यांनी शोधली. ते सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांच्या स्वतःच्या मुलाला बौद्धिक अक्षमता होती, आणि पत्नीच्या बहिणीच्या मुलीचा फेनिलकीटोन्युरिया उशिरा कळला होता. त्यांनी मदतीला घेतला एक साधा जीवाणू, बॅसिलस सबटिलिस. या जीवाणूला फेनिलॲलनिनसारखाच दिसणारा एक पदार्थ खायला घातला की तो फसतो आणि त्याची वाढ थांबते. खरं फेनिलॲलनिन भरपूर मिळालं की तो पुन्हा वाढू लागतो. बाळाच्या टाचेतला थेंब गाळणकागदावर वाळवायचा, कागदाची छोटी चकती कापून जीवाणूंच्या थाळीत ठेवायची, आणि रात्रभर थांबायचं. चकतीभोवती जेवढं मोठं कडं उमटेल, तेवढं त्या रक्तात फेनिलॲलनिन जास्त. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ही चाचणी कायद्याने बंधनकारक केली.

मला ही चाचणी मनापासून सुंदर वाटते. पण त्या जीवाणूला सांगता काय येतं, तर रक्तात फेनिलॲलनिन जास्त आहे, एवढंच. का आहे, ते त्याला कळत नाही. जनुकातल्या दोषाने असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, किंवा उपचारांविना चालणारी सौम्य वाढ असेल. कडं सारखंच उमटणार. बाळाला अँटिबायोटिक चालू असेल, तर जीवाणू वाढतच नाही आणि खरा आजारही निसटू शकतो. सुरुवातीच्या वर्षांत या कड्यालाच निदान मानलं गेलं, आणि गरज नसलेल्या काही बाळांना तो कडक आहार देऊन त्यांचं कुपोषण झालं.

आता थोडं गणित. समजा, एखादा आजार दहा हजारांत एकाला होतो आणि चाचणी हजार निरोगी बाळांमागे फक्त एकाला चुकून अडकवते. लाख बाळं तपासली तर खरे आजारी १०, आणि उगाच अडकलेली सुमारे १००. म्हणजे "पुन्हा या" असा फोन आलेल्या अकरा घरांपैकी दहा घरांत आजार नसतो, आणि तरीही चाचणी चांगलीच असते.

बोलण्या-वागण्याच्या बाबतीतही हाच फरक आहे. स्वमग्नतेसाठी (ऑटिझमसाठी) १६ ते ३० महिन्यांच्या मुलांकरता वापरली जाणारी एम-चॅट ही २० प्रश्नांची चाळणी आहे. ३ ते ७ गुण आले तर पालकांना आणखी खोलात प्रश्न विचारतात. ८ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञांकडे पाठवतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोळा हजार मुलांच्या अमेरिकी अभ्यासात, दोन्ही टप्प्यांत अडकून पुढे तपासल्या गेलेल्या मुलांपैकी ४७.५ टक्के मुलांना स्वमग्नता होती. पण ९४.६ टक्के मुलांच्या विकासात लक्ष द्यावं असं काहीतरी होतंच. त्यामुळे कागदावरचे गुण पाहून "ऑटिझम निघाला" म्हणणं चूक, आणि "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून कागद ठेवून देणंही तेवढंच चूक.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तेव्हा ते चाळणी लावतं. निदानासाठी पुढे जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर हाताळणाऱ्या केंद्रात, जावं लागतं. पथकाने चिठ्ठी दिली की काम झालं असं अनेकांना वाटतं, आणि तो दुसरा प्रवास राहून जातो. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

एका ठिकाणी मात्र निदानाची वाट बघत बसायचं नसतं. टाचेच्या रक्तात टीएसएच ४० च्या वर असेल, तर खात्रीसाठी शिरेतून रक्त घेतात आणि निकाल यायच्या आधीच थायरॉक्सिन हे थायरॉईडचं औषध सुरू करतात. औषध पहिल्या दोन आठवड्यांत पोटात गेलं, तर मेंदू वाचतो.

भाचीच्या बाळाचा आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. दुसऱ्या दिवशी शिरेतून रक्त घेतलं. संध्याकाळी रिपोर्ट नॉर्मल आला. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, बाळ उगाच अडकलेल्या आयांचा ताण इतर आयांपेक्षा जास्त आढळला होता, आणि त्यांची बाळं रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण २१ टक्के होतं, इतरांचं १० टक्के. ते मी वाचलेलं होतं. पुढचे सहा महिने बाळ जरा जास्त झोपलं की भाचीचा फोन यायचा, आणि म्हणून दर वेळी मी तिला तो दुसरा रिपोर्ट पुन्हा वाचून दाखवायचे.