जिवाणूची पेशी आणि माणसाची पेशी

जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया, आणि अख्खा बॅक्टेरिया एकाच पेशीचा असतो. माणसाच्या अंगात साधारण ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्यांच्याबरोबर राहणारे जिवाणू असतात ३८ लाख कोटींच्या आसपास, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. (आपल्या एका पेशीमागे दहा जिवाणू असं अजून बऱ्याच ठिकाणी छापलेलं सापडतं, तो जुना ढोबळ अंदाज होता, २०१६ मध्ये नीट हिशोब झाला तेव्हा तो निकालात निघाला.) संख्या जवळपास सारखीच, पण या सगळ्या जिवाणूंचं मिळून वजन भरतं जेमतेम २०० ग्रॅम.

कारण आकार. आतड्यातला ई. कोलाय घेतला तर तो फार तर २ मायक्रोमीटर लांब, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे पाचशे एकापुढे एक मावतील. आपली तांबडी पेशी ७-८ मायक्रोमीटरची, आणि ती आपल्यातली लहानच म्हणायची, बाकीच्या बऱ्याचशा पेशी १० ते ३० मायक्रोमीटरच्या असतात. जिवाणूच्या आत माल इकडून तिकडे न्यायची खास व्यवस्था नसते, सगळं आपोआप पसरण्यावर चालतं, त्यामुळे लहान राहणंच त्याला परवडतं. अपवाद आहेत, कॅरिबियनमधल्या ग्वादलूपच्या खारफुटीत सापडलेला थायोमार्गरिटा मॅग्निफिका हा जिवाणू १ सेंटिमीटरच्या आसपास लांब होतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसतो, पण असले नमुने विरळा.

शाळेत पहिला फरक शिकवतात तो केंद्रकाचा, आणि तो बरोबरच आहे. आपल्या पेशीत डीएनए केंद्रकात, दुहेरी पडद्याच्या आत, ४६ गुणसूत्रांमध्ये गुंडाळून ठेवलेला असतो, एका पेशीतला सगळा उलगडला तर जवळपास २ मीटर. जिवाणूत असा पडदा नसतो, बहुतेकांत डीएनएची एकच गोल माळ पेशीतच गुंडाळून पडलेली असते, ई. कोलायच्या माळेत डीएनएच्या अक्षरांच्या सुमारे ४६ लाख जोड्या आणि ४,३०० च्या आसपास जनुकं. आपल्याकडे जोड्या ३०० कोटींच्या वर आणि तरी प्रोटीन बनवणारी जनुकं वीसेक हजारच, कारण आपल्या डीएनएत मधेमधे प्रोटीनशी थेट संबंध नसलेला मजकूर प्रचंड आहे. आणखी एक म्हणजे पडदाच नसल्यामुळे जिवाणूत डीएनएवरून आरएनए (म्हणजे जनुकाची कामापुरती नक्कल) अजून पूर्ण उतरायचाय तोवर त्याच्या दुसऱ्या टोकाला रायबोसोम चिकटून प्रोटीन बनवायला लागलेले असतात. आपल्याकडे आधी केंद्रकात आरएनए तयार होणार, त्याची काटछाट होणार, मग तो बाहेर येणार. (तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, पण ते पेशी तयार होताना बाहेर टाकलं जातं, त्यामुळे ती जिवाणूसारखी वगैरे होत नाही.)

औषधांच्या दृष्टीने मात्र केंद्रकापेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे ती भिंत. आपल्या पेशीला नुसतं मऊ पटल असतं, बहुतेक जिवाणूंना पटलाच्या बाहेर पेप्टिडोग्लायकनची कडक जाळी असते. जिवाणूच्या आत दाब बराच असतो, पटल म्हणजे ट्यूब आणि भिंत म्हणजे टायर समजा, टायर कुठे विरला की ट्यूब तिथून फुगून फुटते. पेनिसिलीन नेमकं हेच करतं, भिंतीचे धागे एकमेकांना जोडणारं एन्झाइम ते बंद पाडतं आणि वाढणारा जिवाणू फुटतो. आपल्याकडे ती भिंतच नाही म्हणून आपल्या पेशींना त्याचं काही नाही (पेनिसिलीनची ॲलर्जी येते ती आपल्या रोगप्रतिकारशक्तीमुळे, ती वेगळी गोष्ट). आपल्या अश्रूत आणि लाळेतही लायसोझाइम नावाचं एन्झाइम असतं जे हीच जाळी तोडतं, आणि गंमत म्हणजे ते शोधणारे आणि १९२८ साली पेनिसिलीन शोधणारे एकच, अलेक्झांडर फ्लेमिंग. मायकोप्लाझ्मा या जिवाणूंना भिंतच नसते, म्हणून त्यांच्या न्यूमोनियावर पेनिसिलीन कामाचं नाही.

औषधांच्या कामाचा दुसरा फरक रायबोसोमचा. प्रोटीन दोघंही रायबोसोमवरच बनवतात, पण जिवाणूंचे ७०एस आणि आपले ८०एस (एस हे जोरात फिरवल्यावर ते किती वेगाने तळाशी बसतात त्याचं माप), म्हणजे बांधणी वेगळी. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, अझिथ्रोमायसिन हे सगळे त्या ७०एसला जाऊन चिकटतात. इथे एक मेख आहे. आपल्या पेशीत ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया हे कोणे एके काळी पेशीत शिरून कायमचे राहिलेले जिवाणूच, हे मत आता जवळपास सगळ्यांना मान्य आहे, त्यांचा स्वतःचा गोल डीएनए आहे, अवघ्या ३७ जनुकांचा, आणि स्वतःचे रायबोसोमही आहेत जे आपल्या बाकीच्या रायबोसोमपेक्षा जिवाणूंच्या जवळचे. त्यामुळे काही अँटिबायोटिक तिथेही चिकटतात. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत एक ठरावीक बदल असलेल्या लोकांना स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिनसारख्या औषधाने कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. म्हणजे माणसाची पेशी आणि जिवाणू यात अगदी कडेकोट सीमा आहे असं समजायचं कारण नाही, आपल्याच पेशीत अर्धवट जिवाणू बसलेत.

बुरशीचं उदाहरण घेतलं तर हे जास्त कळतं. बुरशीच्या पेशीला केंद्रक असतं, रायबोसोम ८०एस असतात, ती जिवाणूपेक्षा आपल्या जवळची, म्हणून बुरशीला मारायचं आणि माणसाला वाचवायचं हे अवघड जातं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं गेलं, ते ज्या जिवाणूपासून मिळालं त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. या गटातली औषधं बुरशीच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉलला धरतात, आणि आपल्या पटलात त्याचाच भाऊबंद कोलेस्टेरॉल असतो, त्यामुळे याच गटातल्या ॲम्फोटेरिसिनने किडनीला त्रास होतो. जिवाणूंच्या पटलात सहसा यातलं काहीच नसतं, म्हणून त्यांच्यावर ही औषधं चालत नाहीत.

वाढीचा वेगही वेगळा. ई. कोलायला सगळं मनासारखं मिळालं तर २० मिनिटांत एकाचे दोन होतात, टीबीचा जिवाणू मात्र त्यासाठी १५ ते २० तास घेतो, आणि आपली प्रयोगशाळेत वाढवलेली पेशी साधारण एक दिवस. जिवाणू सरळ मधून दुभागतो, गुणसूत्रं रांगेत लावून वाटायची आपल्यासारखी लांबलचक प्रक्रिया त्याच्याकडे नाही. शिवाय मुख्य माळेखेरीज प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी बऱ्याच जिवाणूंत असते आणि ती एक जिवाणू शेजारच्याला देऊ शकतो, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी. अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकं बरेचदा याच कड्यांवर असतात, त्यामुळे आतड्यात निवांत राहणाऱ्या ई. कोलायकडचं जनुक न्यूमोनिया करणाऱ्या क्लेब्सिएलाकडे जाऊ शकतं. आपल्या पेशींमध्ये अशी देवाणघेवाण चालत नाही, आपली जनुकं आईवडिलांकडून येतात आणि मुलांकडे जातात.