मानसशास्त्रातली पदवी: तीन वर्षांची की चार वर्षांची?

"आता बी.ए. चार वर्षांचं झालंय ना, मग तीन वर्षांत सोडलं तर पदवी अर्धवट!" बारावीचा निकाल लागला की हे वाक्य पालकांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं. ते साफ चुकीचं आहे. तीन वर्षं पूर्ण केली की पदवी मिळते आणि ती पुरी पदवीच असते. ती घेऊन एम.ए.ला प्रवेश मिळतो, एमपीएससीला बसता येतं. पदवी मिळाली म्हणजे मिळाली.

तीन वर्षांत काय करावं लागतं ते बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे भरभर सांगते. बारावी कुठल्याही शाखेची चालते. मानसशास्त्र 'मेजर' म्हणजे मुख्य विषय म्हणून घ्यायचं. मायनर म्हणजे दुय्यम विषय म्हणून घेतलं तर पदवी दुसऱ्याच विषयाची होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट आहेत; क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं वजन मोजायचं एकक. महाराष्ट्रात सेमिस्टरला साधारण २२ धरली जातात, म्हणजे तीन वर्षांत १३२ आणि चार वर्षांत १७६. सामाजिक, विकासात्मक, अपसामान्य मानसशास्त्र, प्रॅक्टिकल आणि संख्याशास्त्र दोन्हीकडे आहेच. "गणित नको म्हणून सायकॉलॉजी घेतलं" म्हणणारी मुलं प्रमाण विचलनापाशी येऊन रडतात, त्याला इलाज नाही. बी.ए. की बी.एस्सी. यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी तोच वेळ अभ्यासक्रमाची पीडीएफ वाचण्यात घालवावा.

खरा घोळ चौथ्या वर्षात आहे, कारण चौथी वर्षं दोन आहेत. एक नुसतं 'ऑनर्स' आणि दुसरं 'ऑनर्स विथ रिसर्च'. कॉलेजच्या माहितीपत्रकात दोन्ही एकाच ओळीत छापलेली असतात, आणि पोरं समजतात की चौथ्या वर्षाला बसलं की संशोधन आपोआप पदरात पडेल. तसं होत नाही. रिसर्चवाल्या वाटेला १२ क्रेडिटचा स्वतःचा संशोधन प्रकल्प असतो, आणि त्या वाटेला लागायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, महाराष्ट्रात साडेसात सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून दहापैकी सरासरी. नुसत्या ऑनर्सला हा प्रकल्प नाही. त्याऐवजी जादा पेपर वगैरे असतात.

'पहिल्या सहा' हे दोन शब्द कुणी वाचत नाही. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर जाग येते आणि मग "आता जोर लावतो" सुरू होतं. हिशोब करून पाहा. पहिल्या चार सेमिस्टरची सरासरी ७ असेल, तर उरलेल्या दोन्हींत साडेआठ पडले तरच एकूण साडेसात होतात. एफ.वाय.ला "पासिंगपुरतं करू" म्हणून सोडलेले पेपर इथे वसूल होतात. थोडक्यात, चौथ्या वर्षाचा निर्णय पहिल्या वर्षीच घ्यावा लागतो, आणि हे प्रवेशाच्या वेळी खिडकीवर कुणी सांगत नाही.

प्रकल्प म्हणजे प्रॅक्टिकलच्या जर्नलची जाड आवृत्ती, हाही एक गोड गैरसमज. एस.वाय.च्या प्रॅक्टिकलला आरशात बघून चांदणी गिरवायची, चुका मोजायच्या, आलेख काढायचा. निष्कर्ष काय येणार ते पुस्तकात आधीच छापलेलं असतं. प्रकल्पात प्रश्न तुमचा, नमुना तुम्ही जमवायचा, संमतीपत्रं तुम्ही भरून घ्यायची, आणि निम्म्या लोकांनी सगळ्या विधानांपुढे 'सहमत'वर टिक केली आहे हे लक्षात आल्यावर काय करायचं तेही तुम्हीच ठरवायचं. ज्याला हे वाचूनच कंटाळा आला त्याने त्या वाटेला जाऊ नये. त्यात कमीपणा काही नाही.

आता पदवी आणि एम.ए. मिळून वर्षांचा हिशोब. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एक पाच. चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाच्या एम.ए.ची सोय आहे आणि त्यासाठी रिसर्चवालीच पदवी लागते असं नाही, नुसतं ऑनर्सही चालतं. मात्र एका वर्षाचा एम.ए. प्रत्येक विद्यापीठात असेलच असं धरून चालू नका. एम.ए. न करता थेट पीएचडीला अर्ज करायचा तर चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के हवेत. माझं मत विचाराल तर, साडेसात सीजीपीए नसेल किंवा आकडेवारीची आवड नसेल, तर तीन वर्षांनी बाहेर पडा आणि दोन वर्षांचा एम.ए. चांगल्या विभागातून करा. त्याच कॉलेजात, त्याच शिक्षकांकडे आणखी एक वर्ष काढण्यापेक्षा ते बरं.

आणि जुन्या 'ऑनर्स'ची गल्लत करू नका. दिल्ली विद्यापीठात कित्येक वर्षं ऑनर्स तीनच वर्षांत मिळत होतं. आतेभावाच्या सर्टिफिकेटवर तो शब्द आहे म्हणून तो चार वर्षं शिकला असं होत नाही.

यातल्या कुठल्याही पदवीने तुम्ही 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' होत नाही. ऑनर्सने नाही, रिसर्चने तर नाहीच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये त्याची व्याख्या दिलेली आहे: भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली पात्रता, किंवा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि वर देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. चौथं वर्ष झाल्यावर इन्स्टाग्रामवर 'थेरपिस्ट' लिहिणाऱ्यांबद्दल मी इथे फार बोलत नाही, शिव्या लिहिल्या जातील.

"नोकरी करत बाहेरून करीन" म्हणणाऱ्यांसाठी: २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश द्यायला यूजीसीने मनाई केली आहे. तरीही कुणी एजंट सीट देऊ करत असेल, तर पैसे भरू नका. आणि रिसर्चवाली वाट हवी असेल तर कॉलेज निवडतानाच दोन प्रश्न विचारा: मानसशास्त्राचं चौथं वर्ष तुमच्याकडे प्रत्यक्षात सुरू झालंय का, आणि विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती आहेत? उत्तरादाखल "होईल, प्रस्ताव पाठवलाय" असं आलं, तर तीन वर्षांचाच बेत करा.