आठशे चार्जिंगनंतर

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बॅटरी बदलताना कधी नीट पाहिलंय? कारागीर फोनची पाठ हीट गनने गरम करतो, सक्शन कपने अलगद उचलतो आणि फटीतून प्लास्टिकचं पातळ पातं फिरवत चिकट थर सोडवतो. आतली बॅटरीही बहुधा चिकटवलेलीच असते. ती ओढताना वाकली, तर आतले थर एकमेकांना टेकून पेट घेऊ शकतात. स्क्रूऐवजी चिकटद्रव्य वापरायचं हे फोन बाजारात येण्याच्या कितीतरी आधी, आराखडा काढतानाच ठरलेलं असतं. युरोपीय आयोग सांगतो की, वस्तूच्या पर्यावरणावरील परिणामांपैकी 80 टक्क्यांपर्यंत परिणाम आराखड्याच्या टप्प्यावरच ठरून जातात. म्हणून तिथला ‘इकोडिझाइन’ कायदा थेट आराखड्यालाच हात घालतो.

बॅटरी म्हातारी का होते? चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांत शिरतात, वापरताना बाहेर पडतात. या ये-जा करण्यात ग्राफाइट सुमारे 10 टक्के फुगतं आणि परत आकसतं. त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ थर जमतो. तो संरक्षक असतो, हवाच असतो. पण फुगण्या-आकसण्याने त्याला तडे जातात, तडे बुजवायला नवा थर तयार होतो आणि दर वेळी थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. उष्णतेने हे सगळं आणखी वेगाने घडतं. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनचं आयुष्य असंच घटतं.

हे थांबवता येत नाही, मंदावता मात्र येतं. इकोडिझाइनच्या नियमांनुसार 20 जून 2025 पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या स्मार्टफोनची बॅटरी 800 पूर्ण चक्रांनंतरही मूळ क्षमतेच्या किमान 80 टक्के भरली पाहिजे. (अर्धी बॅटरी दोनदा वापरली की एक चक्र.) शिवाय ती ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. ते नको असेल, तर कंपनीने बॅटरी 500 चक्रांनंतर 83 टक्के आणि 1000 चक्रांनंतर 80 टक्के टिकवून दाखवायची, फोनही धूळ-पाण्यापासून सुरक्षित बनवायचा. मग बॅटरी बदलायचं काम कारागिराकडे सोपवता येतं. म्हणजे एक तर उघडायला सोपा फोन द्या, नाही तर जास्त टिकणारा. या नियमातली ही अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण ती रसायनशास्त्र जाणून घातलेली आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळायला हवेत, हीदेखील एक अट आहे.

2005 साली हा इकोडिझाइन कायदा सुरू झाला तेव्हा सगळा भर विजेवर होता. 2009 मध्ये 100 वॅटचे जुने तापदीप बल्ब हटवायला सुरुवात झाली. 2013 पासून साध्या स्टँडबाय अवस्थेतल्या उपकरणाला अर्ध्या वॅटची मर्यादा आली. वर्षभर अखंड खेचलेला एक वॅट म्हणजे पावणेनऊ युनिट. घरोघरच्या टीव्हींनी त्याला गुणून पाहा! 18 जुलै 2024 रोजी लागू झालेल्या नव्या कायद्याने मात्र अन्न, औषधं असे काही अपवाद सोडून जवळपास सगळ्या वस्तूंना कवेत घेतलंय. न खपलेले कपडे नि पादत्राणं नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना 19 जुलै 2026 पासून बंदी आहे. न वापरलेला सदरा जाळणं म्हणजे त्यातला कापूस, पाणी, रंग, शिवणाऱ्याचे कष्ट, सगळंच जाळणं. ही बंदी खरं तर फार आधी यायला हवी होती.

वस्तू कुठेही बनलेली असो, युरोपात विकायची तर नियम तेच. एका बाजारासाठी वेगळा साचा काढणं महाग पडतं, त्यामुळे बदल जगभर पसरतो. युरोपने यूएसबी-सी सक्तीचं केलं आणि 2023 मध्ये आयफोनचं चार्जिंगचं भोक आपल्याकडेही बदललं.

तिथे आता फोनसोबत एक लेबल असतं. बॅटरी किती चक्रं टिकते, पडल्यावर फोन किती तग धरतो, दुरुस्तीला किती सोपा आहे, हे त्यावर ए ते ई अशा श्रेणींत आणि आकड्यांत छापलेलं असतं. ‘एप्रेल’ (EPREL) नावाच्या युरोपीय संघाच्या माहितीसाठ्यात ही माहिती सर्वांना खुली आहे. नवा फोन घ्यायच्या आधी ते मॉडेल तिथे शोधून पाहा, पुण्यात बसूनही ते पान उघडतं.