मुंबई वेळ

मुंबईच्या रेखांशावरून ठरणारी स्थानिक माध्य वेळ, म्हणजे तेथील वर्षभराच्या सरासरी मध्यान्हाला बारा मानणारी वेळ. ‘बॉम्बे टाइम’ या नावाने अधिक परिचित. ही वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असे.

पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. मुंबईचा रेखांश सुमारे ७२° ४९′ पूर्व. त्यावरून ग्रिनिचपुढे ४ तास ५१ मिनिटे १६ सेकंद येतात. प्रमाणवेळ ८२° ३०′ वर बेतलेली, म्हणून फरक ३८ मिनिटे ४४ सेकंद. काठीच्या सावलीवरून याचा पडताळा घेता येतो. मात्र मध्यान्हाजवळ सावलीची लांबी फारच हळू बदलते आणि सर्वांत आखूड सावलीचा क्षण हुकतो. त्यापेक्षा मध्यान्हाआधी व नंतर सावली एकाच लांबीची होते त्या दोन वेळा टिपून त्यांचा मध्य काढावा. एका दिवसाचे उत्तर पुरेसे नाही : नोव्हेंबरच्या आरंभी मध्यान्ह प्रमाणवेळेनुसार १२.२२ च्या सुमारास येते, फेब्रुवारीच्या मध्यास १२.५३ ला. वर्षाची सरासरी १२.३९, तेच मुंबई वेळेचे बारा.

आरंभ बहुधा १८८४ दिला जातो. तो ग्रिनिचला मूळ रेखावृत्त ठरवणाऱ्या, त्या वर्षीच्या वॉशिंग्टनच्या रेखावृत्त परिषदेवरून आला असावा. कुलाबा वेधशाळा १८२६ ची. बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरवणे हे तिचे एक काम होते, कारण क्रोनोमीटर (जहाजावरचे अचूक घड्याळ) ४ सेकंद चुकला की जहाजाचे स्थान जवळपास एका सागरी मैलाने चुकते. शिवाय १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी रेल्वेची मद्रास वेळ शहराला लावली आणि लोकविरोधामुळे १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. तेव्हा मुंबईची वेळ त्याआधीच रुळलेली होती, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

१ जानेवारी १९०६ पासून सरकारी कामकाज प्रमाणवेळेवर गेले. रेल्वेला त्याआधी मद्रास वेळेवरून आपली घड्याळे जेमतेम ९ मिनिटे पुढे करावी लागली होती, मुंबईकरांना ३९. गिरणीचा भोंगा घड्याळात साडेपाचलाच ठेवला, तर कामगाराला जुन्या ४.५१ ला दारात हजर व्हावे लागे. गिरणगावातला रोष म्हणूनच अगदी रास्त होता. महापालिकेत फिरोजशहा मेहता यांनी, लोकांना विश्वासात घेतले नाही, या मुद्द्यावर विरोध केला आणि पालिकेने जुनी वेळ पुढेही राखली.

शेवटाचे वर्ष कोठे १९५०, कोठे १९५५ आढळते. पहिले पालिकेच्या निर्णयाशी जोडले जाते; कार्यालयीन वापरापुरते ते अधिक ग्राह्य.