महूच्या माळावरून पाणी कुठे वळतं

मध्य प्रदेशात इंदूरहून महूकडे जाताना जमीन सपाटच वाटते. तरीही महूच्या दक्षिणेला याच सपाट माळावरून मध्य भारतातली एक मोठी जलविभाजक रेषा जाते. रेषेच्या उत्तरेला पडलेला पाऊस गंभीर, क्षिप्रा, चंबळ या वाटांनी यमुनेत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जातो. दक्षिणेचा पाऊस चोरल आणि कारम या नद्यांतून नर्मदेत उतरतो आणि अरबी समुद्र गाठतो. महूजवळच्या जानापावच्या डोंगरातून साडेसात नद्या निघतात असं इकडे सांगतात. आकड्यावर वाद घालता येईल, पण हा एकच डोंगर दोन्ही खोऱ्यांना पाणी देतो एवढं खरं.

दोन्ही उतार मात्र सारखे नाहीत. माळव्याचं पठार इंदूरजवळ सुमारे ५५० मीटर उंच आहे. तिथून यमुनेपर्यंत उतरायला चंबळेला नऊशेहून जास्त किलोमीटर लागतात. चोरल जवळपास तेवढीच उंची पन्नास-साठ किलोमीटरांत उतरते आणि बडवाहजवळ नर्मदेला मिळते. उतार तीव्र असला की पाण्याची झीज करण्याची ताकद वाढते. त्यामुळे दक्षिणेचे ओढे उगमाकडची जमीन कोरत मागे सरकतात आणि पठाराची कड हळूहळू उत्तरेकडे खातात. महूजवळचा पाताळपाणीचा धबधबा हा या मागे सरकण्याचाच आजचा टप्पा. पूर्वी महूहून काळाकुंडला उतरणाऱ्या जुन्या मीटरगेज रेल्वेला १:४० चा (४० मीटरमागे १ मीटर) चढ का घ्यावा लागला, तेही याच कडेमुळे.

सगळा खडक दख्खनच्या लाव्ह्याचा आहे, वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. लाव्हा थरावर थर साचत गेला. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट कातळ, वरचा भाग फुग्यांनी सच्छिद्र, आणि दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. पाणी सच्छिद्र भागातून आणि भेगांतून मुरतं, खालच्या घट्ट थराला अडतं आणि उताराच्या कुशीत झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. डोंगराच्या पायऱ्या-पायऱ्यांवर, एकाच उंचीवर ओळीने झरे दिसतात ते यामुळे.

पण या खडकाचं पोट लहान आहे. झिजलेल्या बेसाल्टमधून, म्हणजे याच लाव्ह्याच्या खडकातून, त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्केच पाणी मोकळं होतं. दहा मीटर जाडीचा मुरमाड थर पूर्ण भरला आणि २ टक्के धरले, तर हाती येतं फक्त २० सेंटिमीटर उंचीचं पाणी. झरे, विहिरी आणि झाडं, सगळ्यांचा वाटा त्यातूनच. म्हणून पाऊस संपल्यावर काही महिन्यांतच पाताळपाणीची धार रोडावते.

इथे जंगलाबद्दलचा एक गोड समज बाजूला ठेवावा लागतो. साग, सालई, धावडा, तेंदू, पळस असं हे पानगळीचं रान पाणी तयार करत नाही. ते स्वतःही पाणी पितं. त्याचं काम वेगळं आहे: पाचोळा आणि मुळं जमीन भुसभुशीत ठेवतात, त्यामुळे पाणी एकदम वाहून न जाता मुरायला वेळ मिळतो. हा पाचोळा उन्हाळ्यातल्या वणव्यात जळाला की सगळं बिघडतं. सागाचं पान मोठं असल्याने त्यावर पावसाचे थेंब एकत्र होतात आणि मोठे टपोरे होऊन खाली आदळतात. खाली झुडपं-पाचोळा असेल तर काही बिघडत नाही. उघडी जमीन असेल तर दाट सागवनातही माती वाहून जाते आणि खालचे बंधारे गाळाने भरतात. बंधारा बांधून दोन वर्षांत निकामी झाला, तर दोष बहुधा भिंतीत नसतो, वरच्या उतारात असतो.

आपल्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथला पाऊस त्या ओढ्यात येतो ती जमीन, स्वतः आखता येतं. १:५०,००० चं टोपोशीट, म्हणजे जमिनीची उंची दाखवणारा नकाशा, घ्या. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि समोच्च रेषांमधलं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं) उंचीचं अंतर बहुतेक २० मीटर. जिथे मोजायचं तिथे ओढ्यावर खूण करा. समोच्च रेषांचं टोक चढाकडे वळलेलं दिसलं तर ती दरी, उताराकडे वळलेलं दिसलं तर ती डोंगराची सोंड. खुणेपासून दोन्ही बाजूंनी सोंडांच्या माथ्यावरून, समोच्च रेषांना काटकोनात छेदत वर चढा आणि दोन्ही रेषा उगमाच्या वर मिळवा. तुमची रेषा कुठेही ओढ्याला छेदता कामा नये, फक्त सुरुवातीच्या खुणेपाशी सोडून. आतल्या जागेचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर.

घाटात ही आखणी चोख बसते, पण महूच्या माळावर फसते. तिथे २० मीटरच्या दोन रेषांमध्ये कित्येक किलोमीटर जातात. उपग्रहाच्या उंचीनकाशावर भरवसा ठेवावा तर तो झाडांच्या शेंड्यांनाही जमीन समजतो. शिवाय रस्त्याचा किंवा रेल्वेचा भराव पाणी अडवून शेजारच्या ओढ्यात वळवतो. म्हणून माळावरच्या भागात पावसाळ्यात भरावाखालून पाणी जाऊ देणाऱ्या प्रत्येक मोरीपाशी उभं राहून पाणी कुठे जातंय ते पाहण्याला पर्याय नाही.

या आखणीचा उपयोग सहलीलाही होतो. समजा धबधब्याच्या वर ५० चौरस किलोमीटर पाणलोट आहे आणि तीन तासांत ५० मिलिमीटर पाऊस झाला. निम्मं पाणी वाहिलं तरी साडेबारा लाख घनमीटर. तेवढ्याच वेळात गेलं तर सेकंदाला सरासरी ११५ च्या आसपास घनमीटर. हा पाऊस वर माळावर पडतो, खाली डोहापाशी ऊन असू शकतं. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीला सहलीला आलेली माणसं अशाच अचानक वाढलेल्या पाण्यात वाहून गेली. म्हणून डोहावरचं आभाळ पाहून भागत नाही, महूकडे ढग आहेत का ते बघावं. पाणी गढूळ होऊ लागलं, त्यात काड्या-पानं येऊ लागली किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान तिथेच टाकून काठाच्या उंच बाजूला चढावं. पात्र ओलांडून पलीकडे जाऊ नये.