पेट्रोलखालचा थेंब

मोटारसायकलच्या टाकीतला गंज काढायला रात्रभर कोला ओतून ठेवा, असा संदेश मोबाईलवर फिरतच असतो. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं हे खरं, पण लिटरमागे एक ग्रॅमसुद्धा नाही; साखर मात्र शंभर ग्रॅमच्या आसपास. गंज थोडाफार सुटेलही, पण मागे राहिलेली साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही आणि पुढे कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, जाऊन बसते.

मुळात पेट्रोल असलेल्या टाकीला गंज लागतो कसा? दुपारी तापलेली हवा झाकणाच्या बारीक भोकातून बाहेर जाते, रात्री गार झाली की बाहेरची आत ओढली जाते. नागपूरच्या पावसाळ्यात ही हवा दमट असते. टाकी अर्धी रिकामी असेल, तर आतल्या पत्र्यावर दव धरतं, आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे थेंब तळाशी उतरतो. हल्लीच्या पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल थोडं पाणी मुरवून घेतं. मर्यादा ओलांडली की मात्र पाण्यासकट वेगळं होऊन तळाला थर धरतं.

आता तो एक थेंब जवळून पाहू. पेट्रोलखाली ऑक्सिजन पोचत नसेल असं वाटतं. प्रत्यक्षात पेट्रोलमध्ये पाण्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन विरघळतो. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, तिथे ऑक्सिजन सहज पोचतो; मधोमध पोचत नाही. एवढ्या फरकावर थेंबाची बॅटरी होते. मधलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतं. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेला जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्यापासून हायड्रॉक्साइड तयार होतं. विरघळलेलं लोखंड आणि हायड्रॉक्साइड वाटेत भेटतात, त्यावर आणखी ऑक्सिजनची क्रिया होते आणि तांबूस कडं उमटतं. म्हणजे गंज दिसतो एकीकडे आणि पत्रा खाल्ला जातो दुसरीकडे, मधोमध. टाकीला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात ती अशी.

म्हणूनच गंजावर सीलर, म्हणजे टाकीला आतून अस्तर करणारा लेप, ओतणं फुकट जातं. कूलरच्या गंजलेल्या टाकीला घासल्याशिवाय डांबर लावलं की पुढच्या उन्हाळ्यात पापुद्रे निघतात, तेच इथे होतं.

टाकी उतरवा, कॉक (पेट्रोलची तोटी) आणि फ्लोट (पातळी मोजणारा तरंगता भाग) काढा, पेट्रोल रिकामं करून टाकी साबणाच्या पाण्याने दोनतीनदा धुवा. पापुद्रे सुटावेत म्हणून मूठभर नट टाकून हलवा. नट मोजून टाका, मोजून काढा. कॉकचं भोक रबरी बुचाने बंद करा. १० लिटरच्या टाकीत अर्धा किलो सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातली लिंबूफुलं, कडक गरम पाण्यात विरघळवून काठोकाठ भरा. सायट्रेट लोखंडाच्या आयनाला दोनतीन ठिकाणी धरून द्रावणात ओढून घेतं. १२ ते २४ तासांत पत्रा राखाडी दिसतो. त्याहून जास्त ठेवलं की आम्ल चांगलं लोखंडही खातं. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका. त्याचे क्लोराइड खड्ड्यांत राहतात आणि गंज पुन्हा उभा करतात.

ओतून टाकल्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी (लिटरला १० ग्रॅम) फिरवा. फेस येतो, झाकण लावू नका. मग उकळत्या पाण्याने धुवा, म्हणजे पत्रा स्वतःच्या उष्णतेने वाळेल, आणि लगेच हेअर ड्रायर लावा. इथे घाई हवीच: उघडं लोखंड ओलं राहिलं तर तासाभरात नारिंगी होतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाण्याचे कण असतात.

सीलर दोन भागांचा इपॉक्सी घ्या, डब्यावर इथेनॉलला टिकतो असं लिहिलेला. मिसळल्यावर २५ अंशांना तो अर्धा तास पातळ राहत असेल, तर दर दहा अंशांना हा वेळ साधारण निम्मा होतो. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, ४५ अंशांत हाती सातआठ मिनिटंच उरतात. पावसाळ्यात पत्रा कोरडा ठेवता येत नाही. नागपूरकरांनी डिसेंबरची दुपार गाठावी. टाकी सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवा, उरलेलं ओतून काढा, नाहीतर तळाशी जाड थर साचून तडकतो. कॉकच्या आट्यांना आधी ग्रीस लावलेलं असावं. मग तोंड उघडं ठेवून निदान चार दिवस सुकू द्या.